जेवढे गोल, तेवढं तिकीट

तिकिटं विकण्यात माझा हात धरणारा कोणी नाही, हे मी स्वतःच्याच तोंडाने सांगतो, कारण दुसरं कोणी सांगत नाही. आमच्या फुटबॉल क्लबात मी तिकीट विभागाचा प्रमुख आहे. विभागात मला धरून दोन माणसं. दुसरा गेटवाला.

आमच्या सामन्यांना कुत्रंही फिरकत नव्हतं. तिकीट महाग म्हणून लोक येत नव्हते, आणि लोक येत नाहीत म्हणून मालक तिकीट वाढवत होते. शेवटच्या सामन्याआधी त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"गादी कारखान्याचे शेठ सामना बघायला येतायत. स्टेडियम भरलेलं दिसलं तर पुढच्या मोसमाचा खर्च ते उचलतील. नाही दिसलं, तर तू दुसरीकडे नोकरी बघ."

"साहेब, काळजीच सोडा," मी म्हणालो. "लोकांना आत फुकट घ्यायचं. बाहेर पडताना, तोवर आपल्या संघाने जेवढे गोल केले असतील तेवढ्यांचे पैसे घ्यायचे. गोल नाही, तर पैसे नाहीत."

मालकांनी चष्मा काढला. "आपला संघ गोल करत नाही."

"ते लोकांनाही माहीत आहे. म्हणून तर येतील."

मालकांनी बराच विचार केला आणि ते हो म्हणाले. खरं तर एवढा विचार केल्यावर माणसाने नाही म्हणायला हवं होतं.

आमचा स्ट्रायकर म्हणजे माझा सख्खा मेव्हणा. पोरगा गुणी, पण अख्ख्या मोसमात त्याचा एकही चेंडू जाळीत गेला नव्हता. बायकोला योजना सांगितली, तर ती लाटणं तसंच हातात धरून म्हणाली, "अहो, म्हणजे माझ्या भावाला गोल जमणार नाही, या भरवशावर तुमची नोकरी आहे?"

मी म्हणालो, तसं काही नाही. पण तसंच होतं.

सामन्याच्या दिवशी मुंगी शिरायला जागा नव्हती. लोक पायऱ्यांवर बसले होते. शेठनी कारखान्यातले झाडून सगळे कामगार आणले होते आणि "यांचे पैसे मी भरणार" असं मोठ्या मनाने जाहीर केलं होतं. मालकांनी मला स्वतःच्या शेजारी बसवून घेतलं. मी मनातल्या मनात पगारवाढीचा आकडाही ठरवून टाकला.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली नव्हती. मेव्हण्याने एवढी गर्दी कधी बघितलीच नव्हती. बिचाऱ्याला वाटलं, सगळे आपल्यासाठी आलेत. त्याच्या अंगात असं काही बळ आलं की त्याने जवळजवळ अर्ध्या मैदानावरून चेंडू मारला आणि तो जाळीत गेला.

सगळं स्टेडियम उठून नाचलं. मग हळूहळू खाली बसलं. माझ्या पुढच्या रांगेतला एक जण म्हणाला, "एक झाला." शेजारचा म्हणाला, "एक परवडतो."

दुसरा कोणालाच परवडला नाही. चेंडू जाळीत गेल्याबरोबर आमच्याच लोकांनी "ऑफसाइड, ऑफसाइड" असा गलका केला. पंचांनी गोल दिला, तर त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला. लांबून मेव्हण्याला ते कौतुकच वाटलं. त्याने चारी बाजूंना वाकून नमस्कार केला आणि पुन्हा चेंडू घेऊन सुटला.

तसे लोकही दाराकडे सुटले. बापांनी पोरं काखोटीला मारली. तेवढ्यात तिसरा गोल झाला आणि गेटवाल्याचा फोन आला.

"साहेब, एक जण ऐन दारात होता. म्हणतो, गोल झाला तेव्हा माझं पोट बाहेर आलं होतं. दोनाचे घेऊ की तिनाचे?"

"पाठ कुठे होती?"

"आत."

"मग तिनाचे घे."

हा वाद मिटेपर्यंत मागची सगळी रांग कुंपणावरून उड्या मारून निघून गेली होती.

शेठ शांतपणे उठले. कामगारांना म्हणाले, "चला, आजची सुट्टी रद्द." मग मालकांकडे वळून म्हणाले, "गाद्या निवांत माणसांसाठी असतात. तुमची गिऱ्हाइकं फार पळतात."

चौथा गोल झाला तेव्हा भल्या मोठ्या स्टेडियममध्ये एकाच माणसाच्या टाळ्या ऐकू आल्या.

सामना संपल्यावर मालक खिडकीपाशी पाठमोरे उभे होते. "चारही गोलांचे पूर्ण पैसे भरून किती जण गेले?"

"एक जण, साहेब."

"कोण?"

"माझी बायको. तिला म्हटलं, घरच्यांना पैसे पडत नाहीत. तर म्हणाली, माझ्या भावाचे गोल मी फुकट बघणार नाही. आनंदाने रडत होती. बघून माझाही ऊर भरून आला. पण तिने पैसे माझ्या पाकिटातून भरले."

मालक रिकाम्या खुर्च्यांकडे बघत राहिले. मी राजीनाम्याचं वाक्य जुळवत होतो, आणि ते काही केल्या जुळत नव्हतं.

"पुढच्या मोसमात येतील का त्या?"

"भाऊ खेळतोय तोवर येणारच."

"आणि पैसे तुझ्याच पाकिटातून?"

"घरात दुसरं पाकीट नाही, साहेब."

"मग तुला काढून मला कसं परवडेल?" मालक म्हणाले. "उद्या वेळेवर ये."