पुंजाराम गुरुजींच्या एसएसडीची निवड समिती

जी वस्तू चार जणांना विचारून घेतलेली नाही, ती घरात आली तरी घरची होत नाही. आमच्या परतुरात हा नियम बैलापासून बोअरपर्यंत सगळ्याला लागू आहे. (नवरदेवालाही आहे. फक्त तिथं चार जण आधी सुपारी फोडतात आणि मग चौकशी करतात.)

निवृत्त शिक्षक पुंजाराम गुरुजी नियमाचे पक्के. त्यांच्या घरचा कॉम्प्युटर शांत स्वभावाचा होता. बटण दाबलं की त्यांच्या मंडळी बेबीनंदाबाई तुरीच्या डाळीचा कुकर चढवायच्या. दुसऱ्या शिट्टीला पडदा उजळायचा, चौथ्या शिट्टीला त्यावर घड्याळ दिसायचं आणि डाळ घोटून फोडणी पडेपर्यंत माऊसचा बाण हलायला लागायचा. या यंत्रामुळे त्या घरात अकरा वर्षं कुणी कच्ची डाळ खाल्ली नाही, एवढं त्याच्या बाजूनं नोंदवलं पाहिजे.

गुरुजींची मोनाली तंत्रनिकेतनातून स्थापत्याची पदविका घेऊन घरी बसलेली. पुण्याच्या एका कंपनीनं तिला कळवलं की दोन मजली घराचा नकाशा पंधरा दिवसांत काढून पाठवा. पसंत पडला तर परतुरात बसून कायमचं काम. पोरगी रात्रंदिवस भिडली. पण कॉम्प्युटर मधेच गप्प व्हायचा आणि केलेलं काम गिळायचा. एकदा जिना गिळला. वरचा मजला राहिला, पण तिथं जायची सोय उरली नाही.

"पप्पा, जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा," मोनाली म्हणाली. "एका तासाचं काम हाये. कोणतीबी चालंल."

"कोणतीबी" हा शब्द गुरुजींच्या जिव्हारी लागला. त्याच संध्याकाळी समिती नेमली गेली. सदस्य पुढीलप्रमाणे:

तातेराव, पाटबंधारे खात्यातले निवृत्त कारकून. त्यांच्या कार्यालयात पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्यांनी त्यावर कापड घालून सात वर्षं कुणाला हात लावू दिला नाही. म्हणजे संगणकाचा सात वर्षांचा अनुभव.

अण्णासाहेब, बी-बियाण्याचे दुकानदार. पाकिटावर जे छापतात आणि शेतात जे उगवतं, या दोहोंमधल्या अंतराचे जिल्ह्यातले अधिकारी पुरुष.

आणि मी. माझ्याकडून एकदा नातवाच्या लग्नाच्या फोटोंचा पेनड्राइव्ह हरवला होता. माहितीच्या नुकसानीचा प्रत्यक्ष अनुभव असलेला दुसरा माणूस गावात नसल्यामुळे मला अध्यक्ष करण्यात आलं.

मोनालीला समितीत घ्यायचा प्रश्न आला नाही. ती कॉम्प्युटर वापरत होती, त्यामुळे तिचं मत एकतर्फी ठरलं असतं.

समितीनं आधी पाहणी केली. परतुरात एसएसडी पाहिलेले लोक सहा, नाव ऐकलेले एकेचाळीस आणि त्याविषयी ठाम मत असलेले तीन हजार दोनशे निघाले. पाहणीत चार दिवस गेले, पण पाया पक्का झाला.

पहिली बैठक गुरुजींच्या बाहेरच्या खोलीत, कॉम्प्युटरच्याच टेबलाभोवती भरली. मोनालीनं समजावलं की जुन्या डिस्कमध्ये चकती फिरते, एसएसडीत काहीच फिरत नाही.

"फिरत न्हाई?" तातेराव चमकले. "मंग चालते कशी? पंखा न फिरता वारा लागतो का पोरी?"

"तात्या, मोबाईलमधी काय फिरतं?"

तातेरावांनी मोबाईल कानाशी धरून हलवला. बैठक तहकूब झाली.

दुसऱ्या बैठकीत वेग आला. मोनालीनं कागदावर लिहून दिलं: आपल्या मशीनला बसणारी एसएसडी सेकंदाला साडेपाचशे मेगाबाइट देते. पुढं साडेतीन हजारवाल्या, सात हजारवाल्या आणि आता चौदा हजारवाल्याही मिळतात, पण त्यांना नवं मशीन लागतं. (हे शेवटचं वाक्य कागदाच्या घडीत आलं. घडी समितीनं उलगडली नाही.)

"छापलेला आकडा खरा धरायचा न्हाई," अण्णासाहेब म्हणाले. "मी स्वतः विकतो. पाकिटावर एकरी अठरा क्विंटल राह्यतं."

मग तातेरावांनी जे विवेचन केलं ते खात्याच्या दप्तरात जायला हवं. पाटाला पाणी सोडताना वरून चौदा हजार सोडलं तर काही झिरपतं, काही वरचे लोक मोटरी टाकून ओढतात, आणि शेवटच्या शेतकऱ्याच्या बांधाला साडेपाचशे पोचतं. गुरुजींचा कॉम्प्युटर तर घराच्या पार टोकाला! म्हणून मोनालीला साडेपाचशे हवं असेल तर मागणी चौदा हजाराचीच केली पाहिजे.

"बराबर," गुरुजी म्हणाले. "बिलकुल बराबर."

ठराव एकमतानं मंजूर झाला.

मोनाली दारात उभी होती. "काका, सात दिवस राह्यले माझे," ती मला म्हणाली. "समितीला घाई न्हाई, पर पुण्याला हाये."

तिचा उतावीळपणा पाहून अभ्यासासाठी आणखी तीन बैठका घ्यायचं ठरलं. मंगळवारची बैठक दिवसभर चालली. (त्या दिवशी मोनाली घरात नव्हती, त्यामुळे कामकाज सुरळीत झालं.) बुधवारपासून गुरुजींच्या घरी डाळ कच्ची राहू लागली. गुरुजींनी तक्रार केली, समितीनं हवामानाचं कारण नोंदवलं.

शनिवारी, म्हणजे मुदतीच्या आदल्या दिवशी, आम्ही चौघं सकाळच्या गाडीनं जालन्याला निघालो. जुन्या जालन्यात भागवतचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. पोरगा हुशार, पण विकणारा असल्यामुळे त्याचा सल्ला घ्यायचा नाही, असं गाडीतच ठरलं होतं.

"चौदा हजारवाली दे," तातेराव म्हणाले. "झिरपून साडेपाचशे आली पायजे."

भागवतनं आमच्याकडं नीट पाहिलं. "कॉम्प्युटर किती जुना हाये, काका?"

"अकरा वर्षं. चालू स्थितीत."

"मंग ही बसायची न्हाई. जुन्या बोर्डाला हिची खाचच नसती."

समितीनं आपसात विचार केला. निष्कर्ष एकच निघत होता: दोष कॉम्प्युटरचा आहे. अण्णासाहेबांनी एसएसडीला साजेसा नवा कॉम्प्युटर निवडण्यासाठी उपसमिती सुचवली, तातेरावांनी अनुमोदन दिलं.

"पर कुणाचा हाये कॉम्प्युटर?" भागवतनं विचारलं.

"ह्या गुरुजींचा. परतूरचा."

"परतूरच्या मोनालीताईंचा? अहो, त्यात मी मंगळवारीच बसवली की! चादरीत गुंडाळून, मांडीवर घेऊन आल्त्या गाडीनं. लेकरू समजून लोकांनी खिडकीजवळ जागा दिली म्हणे."

मंगळवारी आम्ही त्याच टेबलाभोवती सकाळी दहापासून दिवेलागणीपर्यंत बसलो होतो. पडदा जागेवर होता. टेबलाखालचा कॉम्प्युटरचा डबा आहे की नाही हे पाहणं समितीच्या कार्यकक्षेत येत नव्हतं.

संध्याकाळी परतूरला पोचलो. मोनाली खुर्चीत मागं रेलून बसली होती.

"पाठवला," ती म्हणाली. "जिन्यासगट."

गुरुजी पुढं झाले. "किती हजारवाली बसवली?"

"नकाशा पाठवला सांगून राह्यले, पप्पा."

"ते आलं ध्यानात. पर कंपनी कोणती?"

तिनं नाव सांगितलं. पण तेवढ्यात तातेराव म्हणाले की ती कंपनी काही खरी नाही, अण्णासाहेब म्हणाले की तीच खरी आहे, आणि त्या गोंधळात नाव राहून गेलं.

तेव्हापासून बाजारात, स्टेशनात, बारशाच्या पंगतीत लोक मला अडवतात. मोनालीनं कोणत्या कंपनीची बसवली, हे आजवर एकशे नऊ जणांनी विचारलं. तुमच्या घरचाही कॉम्प्युटर हळू चालत असणार. नाहीतर एसएसडीचं नाव वाचून तुम्ही इथवर आला नसता. कंपनीचं नाव कुठं येतं ते पाहत इथवर खाली उतरलात ना? मग एकशे दहावे तुम्ही.

तिला नोकरी लागली. ते अजून कुणी विचारलेलं नाही.