खेकड्याचं उद्यापन

खेकडा धरणं यात कठीण ते काय? जो प्राणी जन्मभर तिरपा चालतो, ज्याला समोरचा रस्ता ठाऊक नाही, त्याला धरायला अक्कल ती किती लागणार! असं मी आमच्या ह्यांना, म्हणजे भगवानरावांना, वरण वाढता वाढता सांगितलं. ते जेवायचे थांबले. आम्हा दोघांच्याही गळ्यात तुळशीची माळ आहे. आमच्या घरात अंडं आलं ते फक्त मुलाच्या बालवाडीच्या पुस्तकात, चित्र म्हणून. तिथे वरणासोबत खेकडा वाढला गेला, हे त्यांना जरा जड गेलं.

पण कारण तसंच होतं. आमच्या सुनेला, शीतलला, पाचवा महिना लागला होता आणि तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. आदिलाबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वजन वाढत नाही, हे बरं नाही, तिला जे खावंसं वाटेल ते द्या. मी घरी येऊन तिला विचारलं. ती पदराचं टोक पिळत बसली. शेवटी म्हणाली, "आई, खेकड्याचा रस्सा."

शीतल बासरकडची, गोदावरीच्या काठची. तिच्या माहेरी खेकडा म्हणजे आमच्याकडे तुरीचं वरण. तिला माहेरी धाडावं तर डॉक्टरीणबाईंनी प्रवास बंद केलेला. मुलगा वैभव निर्मलला नोकरीला. तो रविवारी येतो आणि झोपतो. ह्यांना बाजाराचं विचारलं तर म्हणाले, "माळ घालून मच्छीबाजारात उभा राहू काय? अन् भजनात उद्या कोन्त्या तोंडानं टाळ धरू?" गावात कुणाला आणायला सांगावं तर संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळणार. महिला भजनी मंडळ माझ्याकडे आहे. तेव्हा राहिले मीच.

मी आधी स्वतःचे नेम तपासले. खायचं नाही, हे आहे. मारायचं नाही, हेही आहे. धरायचं नाही, असं मात्र कुठेच निघालं नाही. शिजवायचं काम शीतल करणार होती, अंगणात, वेगळ्या चुलीवर, वेगळ्या भांड्यात. देवाला मी आधीच सांगून ठेवलं.

मग मोबाईलवर शिक्षण घेतलं. एका परदेशी गृहस्थाने सगळं नीट दाखवलं होतं. त्यांचे खेकडे लांबट होते, शेपटीचे, झिंग्याच्या मोठ्या भावासारखे. पण पद्धत तीच: पिंजऱ्याला आत निमुळतं होत जाणारं तोंड करायचं, म्हणजे आत जाता येतं, बाहेर निघता येत नाही. आत उग्र वासाचं काहीतरी ठेवायचं. त्या गृहस्थांनी माशाचं डोकं ठेवलं. ते बघून मी मोबाईल पालथा घातला आणि हात धुऊन आले.

माझा पिंजरा मी पुरणपोळीच्या बांबूच्या टोपलीचा केला. वरून दुसरी टोपली उपडी शिवली आणि तिच्या मधोमध पाण्याच्या बाटलीचं कापलेलं तोंड बसवलं. वासाचं म्हणून नैवेद्याचा भात, त्यावर तूप आणि गुळाचा खडा. घरात दुसरी दोरी नव्हती म्हणून देवाच्या लाल नाड्याने बांधलं. आणि पहाटे नाल्यावर जाऊन तो पिंजरा पाण्यात सोडला आणि नाडा काठावरच्या उंबराला बांधला. उंबराला, कारण तिथे दुसरं झाडच नाही.

तुळशीला पाणी घालेपर्यंत माझं मौन असतं. वर्षानुवर्षांचा नेम आहे. नेमकं तेव्हाच समोरून बयनाबाई आल्या. भजनी मंडळात त्या माझ्या उजव्या हाताला बसतात. त्यांनी उंबर बघितला, लाल नाडा बघितला, पाण्यातला तुपाचा भात बघितला. मग माझ्याकडे बघितलं आणि चपला काढल्या.

"नवं व्रत धरलं काय, वहिनी?"

मी हाताने खूण केली, नंतर सांगते. त्यांनी ती खूण प्रसादासारखी कपाळाला लावली आणि गेल्या.

तुळशीला पाणी घालून मी त्यांच्या घरी गेले तोवर तिथे पाच-सहा जणी जमल्या होत्या. मी म्हणाले, अहो, तसं काही नाही. आता व्रत करणारी कुठली बाई कधी "हो, मी मोठं व्रत करते" असं म्हणते? सगळ्याच "तसं काही नाही" म्हणतात. त्यामुळे सगळ्यांची खात्रीच पटली. राहीबाई आमच्यात वयाने मोठ्या. त्यांनी विचारलं, कोणासाठी करून राह्यली? खोटं बोलायचं नाही हाही एक नेम आहे. मी म्हणाले, सुनेसाठी.

दुसऱ्या दिवशी नाल्यात आणखी टोपल्या होत्या. त्यानंतर तर कपडे धुवायला जागा उरली नाही. कुणी मुलाच्या नोकरीसाठी, कुणी कापसाच्या भावासाठी, राहीबाई गुडघ्यासाठी. गावातल्या दुकानात पाण्याच्या बाटल्या संपल्या. उंबर लाल नाड्यांनी इतका भरला की दुरून नवरदेव उभा असल्यासारखा दिसे. नियमही तयार झाले, मला न विचारता. टोपली सोडेपर्यंत बोलायचं नाही. भात उष्टा चालत नाही. गुळाऐवजी साखर चालेल, पण मग फळ उशिरा.

मी दोनदा खरं सांगायला निघाले. दोन्हीदा जीभ माळेपाशी येऊन अडकली.

आणि माझ्या टोपलीत खेकडा आला. काळाभोर, अंगठ्याएवढ्या नांग्यांचा, भात खाऊन सुस्त झालेला. मी पदराने टोपली झाकणार एवढ्यात बयनाबाईंनी वाकून बघितलं आणि मागच्या बायांना हाक मारली. पाच मिनिटांत त्याला हळद-कुंकू वाहिलं गेलं, दुरूनच, कारण नांग्या उघड्या होत्या. कुणी नारळ फोडला. एकीने त्याच्यासमोर मुलाचं लग्न जमावं म्हणून पदर पसरला. मग राहीबाईंनी टोपली पाण्यावर उघडली आणि म्हणाल्या, "जा देवा, आमच्यावर ध्यान ठेव." तो गेला. तिरपाच गेला. मी हात जोडून उभी होते. दुसरं काय करणार!

घरी शीतलने पाट्यावर काळा मसाला वाटून ठेवला होता. कितीतरी दिवसांनी ती स्वतःहून उठून चुलीपाशी आली होती. टोपली बघून तिने विचारलं, "आला का?"

"आला होता."

"मग?"

"दर्शन देऊन गेला."

तिने वाटलेला मसाला झाकून ठेवला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून निजली. त्या दिवशी तिने ताकसुद्धा घेतलं नाही. हे अंगणात आले, चुलीतल्या पेटवायच्या राहिलेल्या काड्यांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, "पोरगी वाळून राह्यली, अन् तुमच्या बाया खेकड्यायले नारळ फोडून राह्यल्या."

पुढे रोज तेच. कुणाच्या ना कुणाच्या टोपलीत खेकडा सापडे, त्याची पूजा होई, आणि तो तूपभात खाऊन परत जाई. आमच्या नाल्यातले खेकडे त्या दिवसांत जसे थाटात राहिले तशी माझी सूनसुद्धा राहिली नाही.

शेवटी बायांनी उद्यापन ठरवलं. उंबराखाली चौरंग मांडला, शीतलला सुवासीण म्हणून बसवलं, तिची ओटी भरली. ती काठीसारखी झाली होती. ओटीतल्या नारळाने तिला वाकवलं. आणि बयनाबाई म्हणाल्या, "वहिनी, आता कहाणी सांगा. कहाणीबिगर व्रत पुरं होत नाई."

बाया हातात अक्षता धरून बसल्या. माझ्याकडे कहाणी नव्हती. माझ्याकडे जे होतं ते मी सांगितलं.

एक गाव होतं, म्हणाले. तिथे एक माळकरी सासू होती. तिच्या सुनेला डोहाळे लागले, खेकड्याच्या रश्शाचे. सासूला मागायची लाज वाटली. ती पहाटे टोपली घेऊन नाल्यावर गेली. बायांना वाटलं, व्रत आहे. त्यांनीही टोपल्या सोडल्या. खेकडा सापडला की त्याला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि सोडून दिलं. सून उपाशीच राहिली.

एवढं सांगून मी थांबले, कारण पुढे काही घडलंच नव्हतं.

शीतल मान खाली घालून बसली होती. बयनाबाईंनी हळूच विचारलं, "मंग त्या सुनेले खेकडं भेटलं का नाई?"

"अजून नाही."

राहीबाईंनी मूठ उघडली, अक्षता शीतलच्या डोक्यावर टाकल्या आणि गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "मंग बसल्या काऊन? व्रत अर्धं ठेवता काय?"

सगळ्या जणी लुगडी खोचून नाल्यात उतरल्या. पिंजरा लागलाच नाही. बायांचे पाय दिसले की खेकडे आता स्वतःहून दगडाखालून बाहेर येत, भाताच्या आशेने. मी काठावर उभी राहून देवाची माफी मागत होते, म्हणून नीट बघितलं नाही. पण टोपली भरून घरी आली, मागे टाळ वाजवत भजनी मंडळ आलं, आणि पुढे, ज्यांना बाजारात उभं राहायची लाज वाटत होती ते हे, टाळ ऐकून वाटेत सामील झालेले, दोन्ही हातांनी टोपली धरून.

शीतलने रस्सा केला. आम्ही दोघं मारुतीच्या पारावर जाऊन बसलो. परत आलो तेव्हा ती भाकरीच्या शेवटच्या तुकड्याने भांडं पुसत होती. मग तिने पाणी मागितलं, आणि ते ठरलं. मी देवापुढे साखर ठेवली. रडू आलं, ते धुराने असं ह्यांना सांगितलं.

अंगणात बयनाबाई एकट्याच रेंगाळत होत्या. बाकीच्या गेल्यावर त्या जवळ आल्या आणि इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, आपल्या बी घरी माळच हाये. माह्या सुनेले परवापासून बकऱ्याची मुंडी पायजे म्हनते." मी काही बोलणार तोच त्यांनी माझ्या टोपलीला हात लावून मापलं. "याच्यासाठी टोपलं मोठं लागंन, नाई का?"