दाखल क्रमांक ४४१७

सार्वजनिक वाचनालयात वार्षिक साठा मोजणी झाली आणि एक पुस्तक कमी भरलं. घरगुती उपचारांवरचं होतं, दाखल क्रमांक ४४१७. मोजणी कारकुनाने कपाटं पालथी घातली, शेवटी स्वतःचा जेवणाचा डबाही उघडून पाहिला. अहवाल पाचला जायचा होता. पुस्तक कमी म्हणजे चौकशी आणि चौकशी म्हणजे बढतीवर पाणी. तेवढ्यात त्याची नजर खिडकीजवळच्या खुर्चीवर गेली.

तिथे घड्याळकाका बसले होते. घड्याळांचं दुकान बंद केल्यापासून पैशांची ओढाताण होती, म्हणून ते रोज दहाला इथे येत. पाच वर्तमानपत्रं, डोक्यावर पंखा, थंड पाणी आणि ‘आता पुढे काय ठरवलंय?’ असं विचारणारं कुणी नाही. एवढं सुख फुकटात मिळत असताना माणूस घरी कशाला बसेल?

“काका, कधीपासून आहात इथे?”

“सहा वर्षं झाली की.”

“कधी कुणी घरी नेलं?”

“मला? माझा मी जातो रोज.”

“म्हणजे विनानोंद,” असं म्हणून कारकुनाने त्यांच्या सदऱ्याच्या खिशावर ४४१७ची चिठ्ठी डकवली. साठा जुळला.

काकांना गंमत वाटली. साडेपाचला पिशवी उचलून निघाले, तर दारात रखवालदार आडवा आला.

“नोंद केल्याशिवाय पुस्तक बाहेर नेता येत नाही.”

“अरे, पण नेतंय कोण?”

“तेच म्हणतोय ना मी. कुणीच नेत नाहीये.”

काका तणतणत ग्रंथपालबाईंकडे गेले. बाई मनाने चांगल्या होत्या. “तुम्ही पुस्तक नाही हे मला दिसतंय हो, काका. पण नोंदवहीला डोळे कुठे असतात? कुणीतरी सभासद तुम्हाला चौदा दिवसांसाठी नेऊ दे, की सुटलात.”

“मी स्वतःच सभासद आहे!”

“होतात. पुस्तकाला सभासद होता येत नाही.”

दुसऱ्या दिवशी काकू पदर खोचून आल्या. “लग्नाचा नवरा आहे माझा! न्यायला परवानगी कसली?”

“न्या ना, काकू. फक्त सभासद व्हा. अर्जावर एका चालू सभासदाची शिफारस आणा.”

“चालू सभासद कोण आहे?”

बाईंनी नोंदवही शेवटपर्यंत चाळली. शेवटचे चालू सभासद घड्याळकाकाच होते. “शोधा शहरात, सापडेल कुणीतरी,” त्या म्हणाल्या. मग आवाज खाली आणून पुढचं सांगितलं. महिनाअखेरपर्यंत कुणी नेलं नाही, तर ४४१७चं निर्लेखन होणार. निर्लेखन म्हणजे रद्दीची गाडी येते, माल कारखान्यात जातो आणि त्याचा लगदा होतो.

शहर पेटून उठलं. ‘४४१७ वाचवा’चे फलक लागले. काकांना ‘दाढदुखी’ आणि ‘पचनाचे विकार’ यांच्यामध्ये उभं केलं होतं; लोक रांगेने येऊन त्यांच्याबरोबर फोटो काढून घेऊ लागले. एकाने जाता जाता उचकीवर उपायही विचारला. निवृत्त मुख्याध्यापकांनी वाचनसंस्कृतीवर पन्नास मिनिटं भाषण ठोकलं. ते संपताच काकूंनी त्यांना गाठलं.

“सर, तुमचं कार्ड देता?”

“कार्ड असं नाही, वहिनी. वाचनालयाशी माझं नातं भावनिक आहे.”

सगळ्यांचंच भावनिक होतं. कुणी लहानपणी इथे पडीक असायचा, कुणाचे डोळे जुन्या पुस्तकांच्या वासाने भरून यायचे, कुणी येत्या वर्षी नक्की सभासद होणार होता. काकूंच्या चपला झिजल्या, पण चालू कार्ड निघालं नाही.

आज महिन्याचा शेवटचा दिवस. काकू डबा घेऊन आल्या, तेव्हा काका फळीला टेकून उभे होते.

“अहो, जेवून घ्या. आणि सदरा किती चुरगळलाय हा!”

“बोल, आणखी बोल,” काका म्हणाले. सहा वर्षं जी भुणभुण चुकवायला ते इथे येत, तीच आता ऐकावीशी वाटत होती. त्यांना घरी जायचं होतं.

गाडी पाचला येणार आहे. काकूंची एकच गल्ली फिरायची राहिली आहे, तुमची. बेल वाजली की चहा-बिहा विचारत बसू नका, त्यांना वेळ नाही. तुम्ही वाचणारी माणसं, हे वाचताय त्या अर्थी कार्ड असणारच. तेवढं काढून ठेवा. चालू आहे ना?