मायांगची पहिली लूट

बापाचे गुडघे गेले आणि चाच्यांचं गलबत सतराव्या वर्षी मायांगच्या ताब्यात आलं. पहिल्याच स्वारीतून ती हात हलवत परतली, तर ते चुलत्याकडे जाणार होतं. म्हणून लिंगा बेटाजवळच्या खाडीत, तिवरांच्या आड, ती तलवार उपसून दबा धरून बसली होती. घोळ एवढाच, की दोलाहमामाने निघताना आपल्या झाडाचे पिकलेले दुरियान, फणसासारखी काटेरी, उग्र वासाची फळं, गलबतभर रचले होते. वाटेत तोंडात टाकायला!

"मामा, काय हा वास! कुणालाही कळेल आपण इथे आहोत ते."

"वारा जमिनीकडे आहे गं. तू तलवारीकडे बघ."

तेवढ्यात वारा फिरला. वास समुद्रावर पसरला आणि लांबून चाललेलं बुगी जमातीच्या एका व्यापाऱ्याचं गलबत वळून सरळ खाडीत शिरलं.

"बघ, शिकार आपल्या पायांनी येतेय!" मामा कुजबुजला.

गलबतं एकमेकांना टेकली. मायांगने पलीकडे उडी घेतली आणि आठवडाभर घोकलेलं वाक्य फेकलं, "खबरदार! हात वर करा!"

समोरचा तांडेल डाएंग पाटोला पोट सावरत पुढे आला. "करतो, पोरी. आधी एक फोडून दाखव. मागच्या बंदरात कच्चे गळ्यात मारले आमच्या."

"आम्ही चाचे आहोत!"

"असाल की. फळ पिकलंय का?"

हे मात्र मामाच्या जिव्हारी लागलं. "माझ्या झाडाचं फळ कच्चं?" त्याने तलवार उगारली आणि दुरियानवर घातली. पिवळाधमक गर बाहेर आला. बघता बघता दोन्हीकडचे खलाशी मांडी घालून बसले. मायांगचा तलवारीचा हात अवघडला, दुसऱ्या हातात कुणीतरी गर ठेवला. तिनेही खाल्ला. ज्याच्याबरोबर बोटं चाटली त्याच्या गळ्याला तलवार कशी लावायची, हे बापाने शिकवलंच नव्हतं.

पाटोलाने उरलेली सगळी फळं उचलली, बदल्यात रेशमाचे तागे टाकले आणि निघताना विचारलं, "पुढच्या हंगामातही इथेच बसता ना?"

परतताना मायांग रडकुंडीला आली. "मामा, आबांना काय सांगू?"

"लुटलं म्हण."

"खोटं?"

"रेशीम तर खरं आहे ना!"

आबांनी तागे कुरवाळले, गावभर मिरवले, स्वतःला अंगरखा शिवायला टाकला. मायांगला ते कौतुक ऐकवेना. शेवटी एका सकाळी तिने मन घट्ट केलं.

"आबा, ते रेशीम आहे ना..."

इतक्यात बंदरावरून आलेला कोळी सेमान धापा टाकत अंगणात शिरला. "ऐकलं का? पाटोला तांडेल लुटला गेला! बायकोपुढे धाय मोकलून रडत होता. तिने विकायला दिलेलं सगळं रेशीम गेलं म्हणे. शंभर चाचे होते, आणि पुढे एक ताडमाड राक्षसीण, दोन्ही हातांत तलवारी!"

आबांचे डोळे भरून आले. "तू काहीतरी सांगत होतीस, बाळ?"



"शंभर नव्हते हो आबा," ती म्हणाली. "लोक उगाच वाढवून सांगतात."