एझ्राकाकांचं टेस्टिंग

गेले आठ दिवस आमच्या मंगळवार पेठेतल्या गल्लीतून सकाळी बाहेर पडायचं, तर इंग्रजी वाचता यायला हवं. कारण गेटवर एझ्राकाका पाटी घेऊन उभे असतात.

"पावणं, एवढं वाचून दावा की!"

चहाच्या आधी कुणाशी न बोलणारी माझ्यासारखी बाईसुद्धा यातून सुटत नाही.

काका बेने इस्राएली, म्हणजे मराठी ज्यू. घरातली नावं हिब्रू, भांडणं अस्सल कोल्हापुरी. नोकरी ऑईल इंजिनाच्या कारखान्यात, टेस्टिंग खात्यात. निवृत्त झाले तरी सवय सुटली नाही. कलिंगड असो, छत्री असो, माझा नवा जावई असो, "टेस्टिंग झाल्याबिगर माल भायेर न्हाय!"

नुकतीच बंगळूरला त्यांच्या लेकीला मुलगी झाली. नाव आजीचं, म्हणजे गेल्या वर्षी वारलेल्या काकूंचं ठेवायचं ठरलं: याएल. इंग्रजी स्पेलिंग तेवढं लेकीनं बापावर सोपवलं. झालं! नातीला जन्मभर लोक बरोबर हाक मारणार की भलतीच, हे आता काकांच्या हातात. त्यांची झोपच उडाली.

पहिल्या दिवशी पाटीवर जे-ए-ई-एल. दूधवाल्या गणपानं गाडीवरूनच वाचलं, "जेल? त्ये कळंब्याला हाय की! कोण आत गेलंय, काका?"

काकांनी ते तिथल्या तिथं पुसलं. मग वाय-ए-ई-एल. पेपरवाला म्हणाला "येल", क्लासला निघालेली पोरगी म्हणाली "यल". आमच्या ह्यांनी चष्मा पुसूनबिसून "याले" असं वाचलं, तेव्हा काका मला म्हणाले, "वैनी, ह्यांचं इंजिन खोलाय पायजे."

"अहो काका, सगळ्या जगात असंच लिहितात," मी वैतागून म्हटलं.

"लिवू दे की. सुट्टीला पोरगी जगाकडं जाणार हाय का माझ्याकडं?"

शेवटी त्यांनी आणखी एक ए घातला. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यानं हँडल न सोडता वाचलं, "या... एल. याएल!" काकांनी त्याला मिठीच मारली, रिक्षा बंद पडली. पुढच्या तिघाचौघांनीही तसंच वाचलं. लेकीला फोन गेला, गल्लीत पेढे वाटले, पाटी माळ्यावर गेली.

दुसऱ्या दिवशी शनिवार. काकांचा शब्बाथ, त्या दिवशी ते काही लिहीत नाहीत. तरी गेटवर हजर! रिकाम्या हातानं.

"आता काय काका? टेस्टिंग पास झालं की!"

"व्हय की." ते जरा घुटमळले. "पर नुसतं तोंडानं म्हणा की, वैनी. एकदा."

"याएल," मी म्हटलं.

"तुमी समदी तिला काकू म्हणायचा. नावानं हाक फकस्त मी मारायचो. ती गेल्यावर कुणाला मारू? ह्ये आठ दिस गल्लीत तिचं नाव ऐकू येत हुतं बगा. लई बरं वाटलं."

मी घरात ओरडून ह्यांना बाहेर बोलावलं. ह्यांनी चष्मा न पुसता "याएल" म्हटलं, तेही बरोबर. एवढ्यात गणपा आला. त्याला सांगितल्यावर त्यानं कॅन खाली ठेवला आणि कुस्तीच्या मैदानात मारावी तशी दणदणीत हाक मारली, "याएल!"

घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून काकांनीच ओ दिली.