निडर हरणीचा आवाज

एका जंगलात, मुलांनो, सिनेमा निघाला. चित्रांचा सिनेमा. रंगराव वानराने हजारो पानांवर चित्रं रंगवली. ती भराभर उलटली, की पडद्यावर हरणी पळायची. सिनेमाचं नाव होतं ‘निडर हरणी’.

हरणी भारी धीट. सिंहाच्या युवराजाचं स्थळ सांगून येतं, तर ती सरळ नाही म्हणते. “माझी वाट माझे पाय ठरवतील!” असं बजावते आणि दरी ओलांडून निघून जाते.

हरणीला आवाज दिला होता बकुळा साळुंकीने. साळुंक्या नकला करण्यात पटाईत असतात. बकुळाला तर अकरा जातींच्या बोली यायच्या.

सिनेमा तुफान चालला. अस्वलांनी शिट्ट्या मारल्या. खारींनी आपल्या पोरींची नावं हरणी ठेवली. बकुळाच्या आईने तो तीनदा पाहिला आणि तिन्ही वेळा पंखाने डोळे टिपले.

त्याच आठवड्यात बकुळाला निरोप आला. डोंगरापलीकडच्या तळ्यावर दूरदेशीचे पक्षी उतरले होते. त्यांचं बोलणं तिथल्यांना कळेना, तिथल्यांचं त्यांना. दुभाषी हवी होती.

बकुळा हरखून घरी आली. “आई, मी जाते!”

“जा की. पण रविवारी वडावरची मंडळी तुला बघायला येतायत. ते होऊन जाऊ दे.”

“मला एवढ्यात लग्नच करायचं नाही.”

“अगं, असं कुठे असतं का?”

“सिनेमात होतं. तू तीनदा रडलीस.”

“तो सिनेमा आहे!” वरच्या फांदीवरून बाबा ओरडले. “आणि ती हरणी आहे. आपण साळुंक्या!”

रविवारी सकाळी जंगलाने बकुळाचा सत्कार ठेवला. मंडळींनी मुलगीही तिथेच बघून घ्यावी, असं बाबांनी परस्पर ठरवून टाकलं.

बकुळाला शाल पांघरली. शाल एवढी मोठी, की आत बकुळा सापडेना. प्रमुख पाहुणे हत्तीदादा गहिवरून म्हणाले, “अशी लेक घराघरात जन्मावी!” मग मागे वळून स्वतःच्या लेकीला म्हणाले, “उभी काय राहिलीस? पाहुण्यांना पाणी दे.”

बकुळाला दोन शब्द बोलायला सांगितलं. तिने शालीतून चोच बाहेर काढली आणि ती बोलली.

“मी लग्न करणार नाही. मी आज डोंगरापलीकडे चाललेय. मला तिथे काम मिळालंय.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. “वन्स मोअर!” माकडं ओरडली. वडावरची मंडळी खूश होऊन म्हणाली, “काय पाठांतर आहे मुलीचं!”

बकुळाने पुन्हा सांगितलं. या वेळी तिचा आवाज कापला.

“आहाहा, काय अभिनय!” बाबांनी जोरात टाळ्या वाजवल्या.

टाळ्या वाजवत नव्हती ती एकटी आई. हा आवाज हरणीचा नाही, हे तिला कळलं होतं. ती पुढे आली. तिने शाल बाजूला केली.

“ऊन चढायच्या आत नीघ,” ती म्हणाली. “पोचलीस की निरोप धाड.”

बकुळा उडाली. लोक टाळ्या वाजवतच राहिले. ती आभाळात ठिपक्याएवढी झाली, तेव्हा वडावरच्या एका काकूंनी विचारलं, “परत कधी येणार?”

“तिला वाटेल तेव्हा,” आई म्हणाली.

मग मात्र जंगल खवळलं. हत्तीदादांनी रंगरावाला बोलावून खडसावलं. सिनेमाने पोरी बिघडतात, असा ठरावही झाला.

रंगराव हुशार. त्याने लगेच दुसरा भाग काढला. त्यात हरणी दमून परत येते, माफी मागते आणि युवराजाशी लग्न करते. युवराज तिला खात नाही, हा त्याचा मोठेपणा. सगळं जंगल पुन्हा ढसाढसा रडलं.

बकुळाला तो बघायला वेळ झाला नाही. तळ्यावर बेडकांचं आणि पाहुण्या बदकांचं जोरदार भांडण जुंपलं होतं, आणि दोन्हीकडचे तिच्याशिवाय बोलायला तयार नव्हते.

तात्पर्य : धीट मुलीचं तोंडभरून कौतुक करावं. मात्र ती चित्रातलीच आहे ना, याची आधी खात्री करून घ्यावी.