हरण्याची अब्रू

तनुजाने बैल काढला, इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. बिघडलं ते बैल ओळखू आल्यामुळे.

तनुजा शहरात, गारखेड्यात राहायची आणि मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. स्वतःचं असं हे पुस्तक मात्र पहिलंच होतं, एका आळशी प्राण्याच्या गोष्टीचं. संपादक संध्याताईंनी फोनवर बजावलं होतं, "नेटवरचे प्राणी नकोत गं. सगळे एकाच साच्यातून काढल्यासारखे दिसतात. खरे प्राणी बघ, त्यांचे स्वभाव बघ आणि मग त्यांना कपडे घाल."

म्हणून ती देवगाव रंगारीला कडुबामामाच्या गोठ्यात जाऊन बसली. मामाचा हरण्या समोरच होता. डावं शिंग पुढे, उजवं मागे, कपाळावर पांढरा चांद. नाव हरण्या असलं तरी तिने त्याला उभा असा फारसा पाहिला नाही. निसर्गाने जे दाखवलं ते तिने घेतलं. बाजेवर लोळणारा, उशाला तक्क्या, शेजारी चहाची बशी आणि नांगराचं नाव निघालं की पोट धरून कण्हणारा बैल. चित्र इतकं साधलं, की आनंदाच्या भरात तिने ते नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं. दिवे लागायच्या आत ते गावाच्या ग्रुपवर होतं.

दुसऱ्या दिवशी कडुबा एसटीने गारखेड्याला हजर. पाण्याच्या तांब्याला हातसुद्धा लावला नाही.

"तनू, काय करून ठेवलंस हे?"

"मामा, आवडलं नाही?"

"आवडायचं काय त्याच्यात? गाव हसायलंय. तात्यासाहेब म्हणले, कडुबा, कामचुकार बैलाला पोळ्याचा मान कसा द्यावा?"

आता तनुजाही गंभीर झाली. पोळ्याला वेशीवरच्या तोरणाखालून पहिला जाण्याचा मान कडुबाच्या बैलाचा होता. भावकीत वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीचं पाणीसुद्धा वाटलं गेलं होतं. तो मान तेवढा अख्खाच्या अख्खा कडुबाकडे राहिला होता. आणि पोळा तोंडावर आला होता.

"पण मामा, तो गोष्टीतला बैल आहे."

"शिंगं कुणाची?"

"हरण्याची."

"चांद कुणाचा?"

"हरण्याचाच."

"मग आळस तेवढा गोष्टीतला व्हय?"

तनुजाने तिथंच बैल उठवला, त्याच्या खांद्यावर जू दिलं, कपाळावर घाम काढला. कडुबाने घामाचे आणखी थेंब काढायला लावले आणि मगच पाणी प्यायला.

पण गोष्टीत आळशी कुणीतरी हवंच होतं. ती बाज रिकामी कशी ठेवणार? तनुजाने बाजेवर म्हैस निजवली. म्हैस मामाच्या शेजारच्या मनकर्णाबाईंची होती. कडुबाने सुधारलेलं चित्र ग्रुपवर टाकताच मनकर्णाबाईंचा फोन आला.

"का गं ए चित्रवाले, माझ्या म्हशीनं तुझं काय घोडं मारलं?"

"मावशी, तसं नाही हो..."

"तसं नाय तर कसं? रतिबाचे लोक म्हणायलेत, आळशी म्हशीचं दूध पिऊन आमची माणसं कामावर जायची नाहीत. गाभण हाय ती. तिच्या कानावर गेलं म्हंजे?"

म्हैस उठली. तिच्या जागी तनुजाने कोंबडा घातला. उन्हं वर आली तरी गोधडीत घोरणारा, शेपटीत पिसं कमी असलेला. तो कोंबडा नेमका तात्यासाहेबांचा निघाला. तात्यासाहेब गावचे माजी सरपंच आणि पोळ्याच्या मानाचा शेवटचा शब्द त्यांचा. फोनवर ते आवाज न चढवता बोलले, त्यामुळे तनुजाला जास्त घाम फुटला.

"बाळ, आमचा कोंबडा आरवल्याबिगर या गावात उजाडत नाय. एकदा त्याचा घसा बसला होता, तर शाळा दुपारी भरली. त्याला झोपवून तुम्ही कडुबाच्या बैलाला उठवलं. मामाची भाची हायेत, समजू शकतो. पण मग मानाचं आम्हालाही बघावं लागंल."

कोंबडाही उठला. तनुजाने मग शेळी, कुत्रा, गाढव, कुणावर म्हणून ठपका ठेवला नाही. सगळे पहाटे उठणारे, घाम गाळणारे, एकमेकांना मदत करणारे झाले. चित्रं संध्याताईंकडे गेली.

"तनुजा, ही गोष्ट नाही, सत्कार समारंभ आहे," संध्याताई म्हणाल्या. "बाजेवर कुणीतरी आणून झोपव. नाहीतर पुस्तक राहू दे."

अशा पेचात तनुजा पोळ्याला देवगावला गेली. तात्यासाहेबांनी मान हरण्याकडेच ठेवला होता, कारण चित्रातला घाम गावाने पाहिला होता. हरण्या सजला होता. अंगावर झूल, शिंगांना बेगड, डोक्याला बाशिंग. डफ वाजू लागले. हरण्या डुलत तोरणाखाली आला, वर पाहिलं, खाली पाहिलं आणि बसला.

कडुबाने पाठ थोपटली, शेपटी पिळली, कानात विनवण्या केल्या. हरण्याने डोळे मिटून रवंथ सुरू केला. मागचे बैल रीतिरिवाजाचे पक्के. मानाच्या बैलापुढे जायचं नाही, हे त्यांच्या रक्तातच. तो बसला, तसे तेही बसले. वेशीपासून पार मारुतीच्या देवळापर्यंत गावातले सगळे बैल झुला पांघरून खाली बसले. मंगलाष्टकं संपली. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करावी लागली. कुणी हसलं नाही. प्रसंग हसण्याचा राहिला नव्हता.

"बैल थोर असला, की त्याला घाई नसती," कडुबा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

तनुजाचा हात आपोआप पिशवीतल्या पेन्सिलीकडे गेला. मनकर्णाबाईंनी ते पाहिलं. "काढ, काढ! आता का लाजतीस? तेव्हा बरी माझी म्हैस दिसली तुला!"

कडुबाने तनुजाकडे पाहिलं. मग खांद्यावरचं उपरणं काढलं आणि पोलिसांनी धरून नेलेल्या माणसाचं तोंड झाकावं तसं हरण्याचं तोंड झाकलं. शिंगं झाकली, चांद झाकला.

"आता काढ," तो हळूच म्हणाला. "पुस्तक तुझंबी व्हायला पाहिजे. पण कुणाचा बैल हाय, हे कुणालाच सांगायचं नाय. शब्द दे."

तनुजाने शब्द दिला.

पुस्तक निघालं. बाजेवर तोंड झाकून लोळणारा बैल मुलांना फार आवडला. देवगावात कुणीही तक्रार केली नाही. सगळ्यांनी एकमुखाने सांगितलं, की असला बैल आपल्या गावात नाही. कडुबाने तर ते सगळ्यांत आधी सांगितलं.

मग एके दिवशी तनुजाचा फोन वाजला.

"मी सिल्लोडहून सांडू बोलतोय. तोंड झाकलेला बैल तुम्हीच काढला ना?"

"हो, काका. आवडला?"

"नातीनं दाखवला. माझ्या बैलाचं तोंड झाकायला त्यानं काय कुणाचं घर फोडलं होतं?"

"अहो, तो तुमचा बैल नाही!"

"बाई, तोंड झाकलं म्हणून काय झालं? बसण्यावरून ओळखला मी."

"शपथ घेऊन सांगते, काका, तुमचा नाही तो."

"मग कुणाचा हाय, तेवढं सांगा."

तनुजाला मामाला दिलेला शब्द आठवला.

"बघा! बोलती बंद," सांडू म्हणाले. "घराचा पत्ता द्या. टेम्पोत घालून आणतो त्याला. तो उठला, की निघतोच."